ऋण आणि हौस

मसोलीहून चैत्री यात्रेस श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाच्या कानी ‘लग्नगडी’ हा शब्द क्वचितच पडतो. डहाणू-तलासरी भागात लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घेणारा आदिवासी तरुण ती फिटेपर्यंत त्याच्या घरी राबत असे. बरोबर पत्नीही राबे. कर्ज फिटत नसे, आयुष्य सरत असे. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली समाजाने ही गुलामी झुगारली. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली.

यात दोष हौसेचा म्हणावा काय? धवलेरीची गाणी, तांदळाच्या पिठाने रेखलेला चौक आणि सोयऱ्यांना जेवण, एवढीच ती हौस! ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला काटकसर शिकविणे हा उपदेश नसून उपहास होय.

आजचा प्रश्न निराळा आहे. मंडप, बँड, मोटार यांसाठी पोटापुरते मिळविणारी माणसेही हप्ते बांधून घेतात. हप्ता माणसाला दारी बांधून ठेवीत नाही. मात्र पुढील कित्येक महिन्यांचे श्रम आधीच लिहून घेतो. येथे सक्ती कोणाची? बहुधा शेजाऱ्यांच्या नजरेचीच.

वारली समाजात या नजरेवर जुना तोडगा होता. खर्चाची ऐपत नसल्यास जोडपे तसेच संसार मांडी आणि पैसा जुळल्यावर, कधी पुष्कळ वर्षांनी, विधी करी. तेव्हा आईबापांच्या लग्नाला त्यांची मुलेही हजर असत.