हत्ती पडला, मग?

“एवढ्याशा पोरीला कुठे कुठे फिरवता! मोठेपणी तिला यातलं काही आठवणार आहे का?” घरात तीन-चार वर्षांचं मूल असलं की हे कोणी ना कोणी ऐकवतंच. त्यामागे वाईट हेतू नसतो. पाण्याची बाटली, जादा कपडे, टोपी, डब्यात दशम्या असा सगळा पसारा खांद्याला लावून आपण सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी निघालेले असतो. जिन्यात भेटलेल्या शेजारणीला आपली दया येते, एवढंच. पण प्रश्न खोटा नाही. पुरावा बघायला बसलं तर तो बराचसा तिच्याच बाजूचा निघतो.

मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारली की ती बहुतेकदा साडेतीन वर्षांच्या आगेमागेची निघते. त्याआधीची पाटी कोरी. खरी गंमत अशी की त्या वयात मुलांना आठवत नसतं असं मुळीच नाही. मामाकडे विहिरीत कोणाची चप्पल पडली आणि ती कोणी काढली, हे तीन वर्षांचं पोर महिनोन्‌महिने सांगत राहतं. पुसलं जातं ते नंतर. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना आईबरोबर घडलेल्या प्रसंगांबद्दल बोलतं केलं आणि काही वर्षांनी त्याच प्रसंगांबद्दल पुन्हा विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना निम्म्याहून बरंच जास्त आठवत होतं. आठ-नऊ वर्षांपर्यंत ते जेमतेम एक तृतीयांशावर आलं. म्हणजे तिसरीत जाईपर्यंत आमच्या मुलीची मुंबईतल्या राणीच्या बागेची सहल बरीचशी वाहून गेलेली असणार.

तरीही आम्ही जातो. ठाण्याहून लोकल पकडायची आणि भायखळ्याला पूर्वेला उतरायचं. वयाच्या मानाने ही बाग अजून फार हिरवीगार आहे. 1862 साली ती खुली झाली, ती मुळात झाडांची बाग म्हणून. जनावरं मागाहून आली. आजही मला तिथली झाडंच जास्त आवडतात. बुंधा फुगलेली गोरखचिंच आहे, खोडालाच फुलं येणारा कैलासपती आहे. ती झाडं बघायला मान वर करणारी माणसं मात्र मोजकीच. सगळी गर्दी पेंग्विनकडे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हे हंबोल्ट पेंग्विन 2016 मध्ये सोलहून मुंबईत आले. भायखळ्याचा उकाडा त्यांना कसा सोसणार? म्हणून काचेमागे त्यांच्यासाठी थंडगार दालन करावं लागलं. मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. पेंग्विनच्या पोहण्याबद्दल ती काही बोलेल अशी माझी अपेक्षा. तिने विचारलं, “यांचं लाइट बिल कोण भरतं?” आमच्या घरात एसी लागला की जे बोलणं निघतं, ते तिने अचूक तिथे नेऊन लावलं होतं.

बागेच्या शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. बरेच लोक त्याच्या पायाशी बसून केळी खातात आणि निघून जातात. वास्तविक या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटलं. तो त्या बेटावर होता. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग या बागेत आणून ठेवले. पुढे पन्नास वर्षांनी, 1914 मध्ये, जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. नीट पाहिलं तर सांधे अजून दिसतात. एवढं सगळं मी मुलीला चार वाक्यांत सांगितलं. तिने सांध्यावरून बोट फिरवलं आणि आम्ही उसाचा रस प्यायला गेलो.

रात्री आजीच्या अंथरुणावर तो हत्ती परत आला. “आजी, हत्तीला बोटीत बसायचं नव्हतं. म्हणून तो पडला.” आजीने विचारलं, “मग?” “मग त्याला खूप बाऊ झाला. मग सगळ्यांनी त्याला चिकटवलं. पण तो इंग्लंडला नाही गेला. आजीकडेच राहिला.” कोणाच्या आजीकडे, हे तिने सांगितलं नाही आणि आजीनेही विचारलं नाही. आजी नुसती “मग?” म्हणत राहिली.

या “मग?”मध्ये खरी करामत आहे, असं मला वाटायला लागलं आहे. शेजारणीच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सहल घरी परतल्यावर संपते, आणि पुढे ती डोक्यात टिकली तर टिकली. लहान मुलाचं तसं नसतं. दिवसभरात जे डोळ्यांसमोरून गेलं त्याला आधी ना शेंडा ना बुडखा. त्याची गोष्ट होते ती सांगताना, आणि सांगायला समोर ऐकणारं माणूस लागतं. बॉअर यांच्या अभ्यासातही हेच दिसलं. ज्या आया बोलण्याचा लगाम मुलाच्या हाती देत होत्या, “अजून सांग ना” म्हणत होत्या, त्यांच्या मुलांना पुढे जास्त आठवत होतं. आमच्या आजीने यातलं एक अक्षर वाचलेलं नाही.

आपल्याकडे या बोलण्याची परीक्षा करून टाकायची एक खोड आहे. पाहुणे आले की मुलाला पुढे ढकलायचं: “सांग काकांना, काय काय पाहिलंस? पाणघोड्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?” मूल आईच्या ओढणीत तोंड लपवतं. मग आपणच उत्तर देतो आणि वर “घरी फार बडबडते हो” अशी पुस्ती जोडतो. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारला की मुलाला वास येतो. आजीला पेंग्विनबद्दल खरंच काही माहीत नसतं, म्हणून तिला सांगण्यात अर्थ असतो. फोनमधल्या ढीगभर फोटोंचाही उपयोग तेवढाच, कोणी शेजारी बसून “हे कोण? इथे तू का रडत होतीस?” असं विचारत असेल तर. एरवी ते फोटो आपल्यासाठी असतात.

न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी तिथल्या मोठ्या माणसांना पहिल्या आठवणी विचारल्या, तेव्हा युरोपीय वंशाच्या लोकांच्या आठवणी नेहमीप्रमाणे साडेतीन वर्षांच्या आसपासच्या निघाल्या. माओरी लोकांच्या मात्र सरासरी पावणेतीन वर्षांच्या. संशोधक त्याचा संबंध माओरींच्या सांगण्याच्या परंपरेशी जोडतात: घरात कोण कसं जन्मलं, कोण कुठून आलं, हे मोठी माणसं मुलांसमोर पुन्हा पुन्हा आणि तपशीलवार सांगतात. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. आमच्या ओळखीचे एक आजोबा आपल्या बारशाचंही वर्णन असं करतात की जणू पाळण्यात बसून त्यांनीच पाहुणे मोजले.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती मी टाळणार नाही. सांगण्यातून आठवण टिकते, तशी ती तयारही होते. बालमानसशास्त्राचा मोठा अभ्यासक ज्यां पियाजे. दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या रस्त्यावर आपल्याला पळवून न्यायचा प्रयत्न झाला आणि दाईने झटापट करून वाचवलं, हे त्यांना अगदी डोळ्यांसमोर दिसत असे. दाईच्या तोंडावरचे ओरखडेसुद्धा. पियाजे पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने कळवलं की ती हकिगत तिने रचलेली होती, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळही परत केलं. म्हणजे लहानपणी घरातल्यांकडून ऐकलेली गोष्टच त्यांच्या डोळ्यांत चित्र होऊन बसली होती. मुलीची राणीची बाग उद्या कितपत तिची असेल आणि कितपत आमची, हे कोणी सांगावं? मला व्यक्तिशः याची फारशी धास्ती वाटत नाही. माझ्या लहानपणातलाही अर्धा भाग माझ्या आईच्या आवाजातच आहे आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही. पण निदान आपण काय करतो आहोत ते माहीत असलेलं बरं. हत्तीची तारीख मी सांगायची, बोटीत बसायचं नव्हतं हे तिने सांगायचं, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची, इतपत माझी तयारी आहे.

परवा त्या गोष्टीत आणखी एक भर पडली. आम्ही स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला होता, तो आता पेंग्विनलाही मिळाला आहे. “मी त्याला वडा दिला,” ती म्हणाली. काच होती, जनावरांना काही द्यायला मनाई आहे, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आजीने विचारलं, “मग? खाल्ला का गं त्याने?”

“नाही,” ती म्हणाली, “त्याला तिखट लागला. मग मीच खाल्ला.”