तेल कोण बघणार?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या घरातला सगळ्यात शांत माणूस मी होतो.

ही शांतता मला फुकट मिळाली नव्हती. ऑफिसात दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे सेलचे दिवस. लोक मध्यरात्री उठून मोबाईल आणि मिक्सर घेतात आणि आमचे सर्व्हर धापा टाकतात. रात्री अडीचला फोन वाजला की उठायचं, लॉग बघायचे, सकाळी पुन्हा गाडी पकडायची. मी आठवड्यातून तीन दिवस बोईसर ते गोरेगाव अप-डाऊन करतो. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली. आमच्यासाठी ती मोठीच गोष्ट होती, पण सणाच्या आधीच्या आठवड्यात त्या गाडीत उभं राहायला मिळालं तरी माणूस नशीबवान. त्या वर्षी छातीत धडधडायला लागलं म्हणून मी ध्यानाचं एक अ‍ॅप घेतलं. केळवे रोडपासून डोळे मिटून श्वास मोजायचे आणि वैतरणेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला की डोळे उघडायचे. घरातले सगळे ग्रुप म्युट केले. रात्री झोपताना विनोबांची ‘गीता प्रवचने’ दोन-दोन पानं वाचायला लागलो. आणि खरं सांगतो, फरक पडला.

वसुबारसेची संध्याकाळ. बाबा सेकंड शिफ्टला, म्हणजे रात्री अकराशिवाय घरी नाहीत. दुसऱ्या दिवशी ताई, भावोजी आणि दोन पोरं येणार. आईची चकली सोऱ्यातून पडतानाच तुटत होती. दुसऱ्या शेगडीवर दूध, दारात पाणीवाला, ओट्यावर मामीचा फोन स्पीकरवर. आई पुटपुटत होती, भांडी आपटत होती. मी सोफ्यावर होतो. अगदी मनापासून, मऊ आवाजात म्हणालो, “आई, चिडू नकोस. आधी एक मोठा श्वास घे.”

ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, “मी श्वास घेत बसले तर तेल कोण बघणार?”

मला हसू आलं. वाक्य इतकं आवडलं की मी ते स्टेटसला टाकलं. पन्नासेक जणांनी हसणारे चेहरे पाठवले. आई स्टेटस बघत नाही.

हसू जिरायला बरेच दिवस लागले. मग लक्षात आलं की तो विनोद नव्हता, तो प्रश्न होता. आणि मी वाचत होतो त्या पुस्तकात त्याचं उत्तर मला सापडत नव्हतं. अर्जुन कृष्णाला स्थितप्रज्ञाबद्दल विचारतो तेव्हा त्याचं बोलणं, बसणं, चालणं विचारतो. त्याच्या घरी भांडी कोण घासतं हे विचारत नाही. विनोबांनी ही प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगात मन स्थिर ठेवणं सोपं असतं असं म्हणायची माझी लायकी नाही, आणि विनोबा स्वतःच्या हाताने सूत कातणारे, राबणारे गृहस्थ होते. खोट त्यांच्यात नाही. खोट मी ते कुठे बसून वाचत होतो त्यात आहे. सोफ्यावर.

माझ्या शांततेचा हिशोब मांडला तर तो असा निघाला. मी ग्रुप म्युट केले, म्हणून कोण कधी येणार, कोणाला साडी, कोणाला पाकीट, हे सगळे फोन आईला आले. मी ‘वाद नको’ म्हणून आवराआवरीतून अंग काढलं, ती आईने केली. त्यात तिची चिडचिड वाढली, आणि तिच्या चिडण्याशेजारी माझी शांतता आणखीच उजळून दिसली. पाहुण्यांनी कौतुकही केलं: “पोरगा किती समजूतदार, नाहीतर वहिनी बघा.”

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७, असं आलं होतं. हे साध्या दिवसांचं. भाजणी भाजण्याचे दिवस वेगळे मोजले असते तर काय दिसलं असतं, याचा अंदाज तुम्हीही करू शकता. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचं १९८९ चं पुस्तक आहे, ‘द सेकंड शिफ्ट’. नोकरीहून आलेल्या बाईची घरात दुसरी पाळी सुरू होते, हा त्याचा विषय. आमच्या घरात सेकंड शिफ्ट म्हटलं की सगळ्यांना बाबा आठवतात. त्यांच्या सेकंड शिफ्टला निदान भोंगा आहे.

इथे कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांनीच चिडायचं? नाही. रात्री सिस्टिम पडते तेव्हा कॉलवर एक शांत आवाज असणं किती मोलाचं असतं हे मी अनुभवलंय. पण त्या आवाजाचे हात कीबोर्डवर असतात. ऑन-कॉल नसलेल्या माणसाच्या शांतपणाला रजा म्हणतात. रजा वाईट नसते. तिला साधना म्हणू नये, इतकंच.

आमच्याकडून अर्ध्या तासावर समुद्रकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, १९६९ पासून चालू. शाळेत असताना आम्हाला शिकवलं होतं की टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड करायला तिथे अरबी समुद्राचं पाणी वापरतात. मी तेव्हा विचारलं होतं, मग ती उष्णता जाते कुठे? सर म्हणाले, “समुद्रात. नाहीशी थोडीच होते!” परीक्षेत दोन मार्कांना यायचं हे.

बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. बॉयलरला लक्ष्मीपूजन कळत नाही. वाफ लागते तोवर कोणीतरी समोर उभं राहावंच लागतं. दसऱ्याला झेंडूचा हार घालतात त्याला, तेवढाच त्याचा सण. एकदा रात्री जेवताना मी बाबांना हे सगळं सांगितलं, सोफा, श्वास, आईचं वाक्य. ते वरण ओढून घेत म्हणाले, “आमच्याकडे गेज ग्लास असते.” मला वाटलं विषय बदलला. बॉयलरच्या अंगावर काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. बॉयलर चालू असताना ती पातळी सतत थोडी थरथरते. नवीन पोरगा आला की त्याला थरथर बघून भीती वाटते. “भीती कधी वाटायला पाहिजे? पाणी एकदम निवांत दिसलं की. म्हणजे नळीची वाट चोंदलीय. काच दाखवते अर्धं, आत काय आहे देव जाणे.” म्हणून प्रत्येक पाळीत कॉक उघडून नळी मोकळी करून बघायची, पाणी झटकन परत चढतं का ते. एवढं बोलून त्यांनी भात मागितला. आईला. मग स्वतःच उठून घेतला, हेही सांगायला हवं.

पण सगळी गोष्ट आमच्या दोन खोल्यांत संपत नाही. सणाची दगदग ही ज्याच्याकडे सण आहे त्याची अडचण. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कितीतरी आदिवासी कुटुंबं भात कापून झाला की दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात, पुष्कळदा उचल आधीच घेतलेली असते. पालघरच्या एसटी स्टँडवर त्या दिवसांत बोचकी, कोंबड्या, पोरं, सगळं एका रांगेत दिसतं. आपल्याला दिवाळी संपली की हुश्श वाटतं. त्यांना दिवाळी संपली की घर संपतं, पावसापर्यंत. ‘सणात मन शांत कसं ठेवाल’ असा लेख त्यांना कोणी वाचून दाखवला तर त्यांनी काय करावं?

विक्रमगडजवळच्या एका पाड्यावर मित्राकडे वाघबारसेला गेलो होतो. आपल्याकडे वसुबारस त्याच दिवशी त्यांच्याकडे वाघदेवाची पूजा. रात्री तारपा लागला. वारली चित्रांत जो वेटोळ्याचा नाच असतो तो हाच; चित्रात सोपा दिसतो. एकमेकांच्या कमरेला हात, मधे तारपेवाला, आणि पाय त्याच्या सुरावर. मी घुसलो आणि तिसऱ्या पावलाला अडखळलो. पडलो नाही, कारण शेजारच्या काकांचा हात घट्ट होता. मात्र मला धरताना त्यांचं पाऊल चुकलं, त्यांच्यामुळे पुढच्याचं. साखळी दोन पावलं वाकडी झाली आणि परत जमली. काका हसले. थोड्या वेळाने त्यांना ठेच लागली तेव्हा मी धरलं, म्हणजे निदान धरायचा प्रयत्न केला.

आपला तोल दुसऱ्याने सांभाळला यात मला लाज वाटली नाही. सोफ्याची वाटते. दोन्हीकडे माझा भार दुसऱ्यावरच होता. फरक इतकाच सापडतो की काकांचा हात मला जाणवत होता, आईचा जाणवत नव्हता. आणि नाचात पाळी फिरत राहते.

गेल्या दिवाळीला ऑफिसातल्या एका बिहारी सहकाऱ्याशी अदलाबदल केली. दिवाळीचे चार दिवस ऑन-कॉल त्याचा, छटपूजेचे माझे. त्याच्या गाडीचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं होतं, त्यामुळे मला फिरायला वावच नव्हता. अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे, वैतरणेच्या पुलापर्यंत वापरतो. ग्रुप अनम्युट केलेत. तिथे रोज वीस गुड मॉर्निंग येतात आणि मला रोज राग येतो.

वसुबारसेला सोऱ्या मी घेतला. ताईने भाजणीत मोहन कमी पडलंय म्हणून सुनावलं, मी तिला सुनावलं, भावोजी गॅलरीत निघून गेले. तेल एकदा फारच तापलं, धूर झाला. आई तेवढ्यात शेजारच्या काकूंबरोबर चिंचणीच्या किनाऱ्यावर गेली होती; ऐन दिवाळीत संध्याकाळी घराबाहेर, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. आठला परत आली, चपलांत वाळू. एक चकली मोडून बघितली.

“आत कच्ची आहे,” ती म्हणाली, आणि दुसरी घेतली.