टोपण न लावलेली सुई

इंजेक्शन देऊन झालं की सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. टोपण धरलेल्या बोटात ती घुसते ती नेमकी याच वेळी. म्हणून सिस्टर सुई तशीच ती कापणाऱ्या हब कटरच्या भोकात घालते, दांडा दाबते आणि तुकडा खालच्या डब्यात पडतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी सुया-पात्यांसाठी भोसकला न जाणारा पांढरा डबाच ठरवून दिला आहे.

तरीही टोचलीच, तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे ३. प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावं लागतं. हिपॅटायटिस बीचा धोका कितीतरी मोठा, लस न घेतलेल्यांत शंभरात ३० पर्यंत. पण लसीचे तीन डोस तो जवळपास संपवतात.

धोका फक्त सुईतूनच येतो असं नाही. मे २०१८ मध्ये केरळमधल्या पेरांब्रा तालुका रुग्णालयातल्या लिनी पुथुसेरी या परिचारिकेचा निपाह विषाणूने बळी घेतला. ज्या रुग्णाची त्यांनी शुश्रूषा केली, त्याला निपाह आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच निदान होण्याआधीही, प्रत्येक रुग्णाजवळ हात धुणं आणि गरजेप्रमाणे हातमोजे, मास्क वापरणं हवंच. पण वॉर्डात हातमोजेच संपले असतील, तर सिस्टरने काय करावं? ते पुरवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, तिच्या पर्सची नव्हे.