हाती आलेले पुस्तक

(शास्त्रपाठ : लूक १:१-४, प्रेषितांची कृत्ये १:१-२)

नाताळ जवळ येऊ लागला म्हणजे खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांत बक्षीस-समारंभाची लगबग सुरू होते. शब्बाथशाळेत वर्षभर नेमाने हजर राहिलेल्या मुलांस पुस्तके द्यावयाची असतात, वचने तोंडपाठ म्हणणाऱ्यांस द्यावयाची असतात, आणि ज्याने ह्यांपैकी काहीच केले नाही त्यासही, त्याने रडू नये म्हणून, एखादी लहानशी पुस्तिका द्यावीच लागते. वाढदिवसासही पुस्तक देण्याची चाल पुष्कळ ख्रिस्ती घरांत रूढ झाली आहे. देणाऱ्यांविषयी आज आम्हांला फारसे सांगावयाचे नाही. देण्याविषयी उपदेश पुष्कळ होतो. घेणाऱ्याविषयी मात्र कोणी बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबाच्या भेटीस गेलो असता घरच्या माउलीने मोठ्या कौतुकाने ट्रंक उघडून आपल्या मुलाची बक्षिसे आम्हांला दाखविली. सहा नाताळांची सहा पुस्तके एकावर एक नीट रचलेली होती. प्रत्येक पुस्तक त्याच्या रंगीत कागदात अजून तसेच गुंडाळलेले, आणि कसर लागू नये म्हणून मध्ये डांबराच्या गोळ्या. "पाळकसाहेब, एकालाही डाग पडू दिला नाही," असे ती म्हणाली. तिच्या त्या जपणुकीत खरोखर आदर होता, व तिला दुखविणे आमच्या जिवावर आले. आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला आणि निघालो. परंतु ती सहा पुस्तके वाटेत काही केल्या मनातून जाईनात. त्यांपैकी दोन आमच्याच हातांनी दिलेली होती.

प्रिय वाचकहो, वर दर्शविलेला शास्त्रपाठ काढून पाहा. लूककृत शुभवर्तमान उपासनेत आपण इतक्या वेळा ऐकतो की, ते आरंभी एका माणसाच्या नावे लिहिलेले पुस्तक होते ह्याचा आपल्याला विसर पडतो. थियफिल हे त्या मनुष्याचे नाव. लूक त्यास आदराने संबोधितो. त्यास काही शिक्षण पूर्वी मिळालेले आहे, पण त्याची खात्री पटावी म्हणून आपण सर्व हकीकत शोधून क्रमवार मांडली आहे, अशा आशयाचे तो लिहितो. हा थियफिल कोठे राहत होता, काय करीत होता, ह्याविषयी शास्त्र मौन धरते. "देवाचा मित्र" असा त्या नावाचा अर्थ आहे, एवढेच आपल्यापाशी उरले आहे.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा आरंभ पाहा. लूक पुन्हा त्याच थियफिलास लिहीत आहे, व आपल्या पहिल्या ग्रंथाची त्यास आठवण करून देत आहे. ह्यावरून आम्ही एक अनुमान काढतो. ते अनुमानच आहे, सिद्धांत नव्हे. पहिले पुस्तक ज्याने न उघडता ठेवून दिले, त्यास तेवढेच मोठे दुसरे पुस्तक लिहून पाठविण्याचे श्रम कोण घेईल? त्या काळी पुस्तक म्हणजे छापखान्यातून निघालेल्या हजार प्रतींपैकी एक नव्हे. ते हाताने, शाई आणि बोरू घेऊन, एकेक अक्षर करून लिहावयाचे असे. शुभवर्तमानाचे २४ अध्याय व कृत्यांचे २८. नव्या करारातील मजकुराचा चौथ्याहून अधिक हिस्सा ह्या दोन पुस्तकांनी व्यापला आहे. एवढे सर्व एका माणसाच्या नावे आले, आणि ते त्याच्यापाशी अडकून राहिले नाही, ह्याची साक्ष आपल्या हातांतील शास्त्रच देते.

नाताळात आपली मुले जो देखावा करून दाखवितात तो आठवा. नावनिशीकरिता बेथलेहेमास केलेला प्रवास, उतारशाळेत जागा नसणे, गव्हाणीत निजविलेले बाळ, रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ, देवदूतांचे स्तवन, ह्यांतील एकही गोष्ट मार्काने किंवा योहानाने लिहिलेली नाही. मत्तयाने तारा व मागी लोक सांगितले. गव्हाण आणि मेंढपाळ एकट्या लूकाने. म्हणजे डोक्याला उपरणे गुंडाळून आणि हाती काठी घेऊन आपला मुलगा व्यासपीठावर मेंढपाळ होऊन येतो, तो एका माणसास मिळालेल्या आणि त्याने मनापासून घेतलेल्या पुस्तकातून येतो.

येथे आम्हांला आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगावयास लाज वाटते, तरी ज्याने दुसऱ्यांची ट्रंक उघडली त्याने आपलीही उघडावी हे बरे.

आमच्या बाराव्या वाढदिवशी आम्हांला क्रिकेटची बॅट हवी होती. आजीने दोन कोंबड्या विकल्या, तेव्हा बॅट येणार अशी आमची खात्री झाली. परंतु ती बाजारातून परतली ती पदराखाली एक पुस्तक घेऊन. पंडिता रमाबाईंचे ते लहानसे चरित्र होते. आजीला अक्षरओळख नव्हती. मुखपृष्ठावर पांढऱ्या लुगड्यातील बाईचे चित्र पाहून तिने ते घेतले होते. आम्ही तोंड वाकडे करून ते घेतले व फळीवर टाकले. दोन दिवसांनी तिने विचारले, "वाचलंस का रं बाळा?" आम्ही म्हणालो, "होय." ती म्हणाली, "मग काय लिवलंय त्यात?"

आम्ही फळीवरचे पुस्तक उघडून एक चित्र पाहिले. त्यात आगबोट होती. आणि आम्ही सांगितले की, रमाबाई विलायतेस जात असता त्यांची बोट वादळात फुटली, आणि त्या एका फळीला धरून तीन दिवस व तीन रात्री पोहत काठास लागल्या. त्यात योना व पौल ह्यांच्या हकीकती आम्ही थोड्याथोड्या मिसळल्या होत्या, हे पुढे आमच्या ध्यानात आले. आजी हात जोडून ऐकत राहिली.

पुढच्या बुधवारी स्त्रियांच्या प्रार्थनासभेत आजीने ही कथा साक्ष म्हणून सांगितली. आम्ही दारापाशी उभे होतो. सभेत एक वृद्ध बाई होत्या. त्या केडगावच्या मुक्तिसदनात लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्या सौम्यपणे म्हणाल्या की, बाईंच्या आयुष्यात असे काही घडल्याचे आपण कधी ऐकले नाही. सर्वांनी आजीकडे पाहिले. आजीने आमच्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल. म्हातारीचे कान." आणि खाली बसली.

घरी आल्यावर ती आमच्यावर रागावली नाही. तिने रात्री कंदील पुसून पेटविला, पुस्तक फळीवरून काढून आमच्या हाती दिले व म्हणाली, "आता वाच." तेव्हा कोठे आम्हांला उमगले की, तिने ते पुस्तक आम्हांला दिले होते तसेच ते स्वतःसाठीही घेतले होते. ते तिच्यापर्यंत पोचण्यास आमच्या डोळ्यांवाचून दुसरी वाट नव्हती, आणि ती वाट आम्ही एका खोट्या कथेने बुजविली होती.

आठ-दहा रात्री आम्ही वाचीत होतो. १८८० साली बिपिनबिहारी मेधवी ह्यांच्याशी विवाह झाल्यानंतर रमाबाई आसामात सिल्चर येथे राहत होत्या. तेथे घरातील पुस्तकांत त्यांना एक पुस्तिका सापडली. ते बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान होते. ती पुस्तिका तेथे कशी आली हे आपणास ठाऊक नाही, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेविले आहे. येथे आजीने आम्हांला थांबविले. "कुणी तरी ठेवली असंल ना तिथं?" आम्ही म्हणालो, "पुस्तकात दिलेले नाही." ती थोडा वेळ वातीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं. पुढं वाच."

पुढे काय आहे हे वाचकांस ठाऊक आहे. १८८२ साली पती पटकीने वारले, पदरी तान्ही मुलगी, १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा, नंतर केडगाव. ज्या बाईने एके काळी बेवारशी पुस्तिका उचलून वाचली, तिने आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी व स्त्रियांनी त्याचे काम केले. थियफिलास आलेले पुस्तक अशा रीतीने फिरत फिरत केडगावी पोचले. आमच्या घरी ते दोन कोंबड्यांच्या मोलाने आले होते, आणि आम्हांला बॅट हवी होती.

रमाबाईंना ती पुस्तिका कोणी समक्ष दिली नव्हती, म्हणून त्यांच्यावर कोणाचे बंधन नव्हते. कवि नारायण वामन टिळकांची गोष्ट निराळी. १८९३ साली ते आगगाडीने नागपूरहून राजनांदगावास जात होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. असले भाकीत ऐकून दुसऱ्या कोणी पुस्तक खिडकीबाहेर फेकले असते. टिळकांनी ते वाचण्याचे वचन दिले. आणि दिलेले वचन मोडावयाचे नाही म्हणून, हाती शिसपेन्सिल घेऊन, विचार करण्याजोग्या जागी खुणा करावयाच्या असे ठरवून ते पहिल्या पानापासून वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी, ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या गोष्टीचा शेवट आपण नेहमी बाप्तिस्म्यापाशी करितो. तो तेथे करणे प्रामाणिकपणाचे नाही. त्या एका पुस्तकाने टिळकांचे घर काही वर्षे दुभंगले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, टिळक दूर, आणि मध्ये मूल. त्या दिवसांचे दुःख लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये, हसत हसत, पण काहीही न झाकता लिहिले आहे. पुढे त्याही त्याच मार्गाने आल्या, परंतु मधली वर्षे कोणी भरून दिली नाहीत. हे आम्ही अशासाठी सांगतो की, पुस्तक घेणे ही स्वस्त गोष्ट आहे असे कोणी समजू नये. मिठाई घेतली, खाल्ली, संपली. पुस्तक घेताना आपण "वाचीन" असा शब्द देतो, आणि वाचून झाल्यावर आपण पूर्वीचेच राहू अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कदाचित म्हणूनच ट्रंक बरी वाटत असेल.

कोणी म्हणेल, मिळालेली पुस्तके नीरस असतात. हे खरे आहे. देणाऱ्यांविषयी बोलणार नाही असे वर म्हटले, तरी येथे एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. पुष्कळदा कपाटात खपता खपत नाही असा साठाच बक्षीस म्हणून वाटला जातो, आणि सात वर्षांच्या मुलीच्या हाती मंडळीच्या घटनेवरील पुस्तक पडते. हे पाप आमच्याही पदरी आहे. अशा मुलीने ते पुस्तक परत आणून "पाळकसाहेब, दुसरे द्या" असे म्हटले, तर ती त्याचा अव्हेर करीत नाही. निदान तिने ते उघडून पाहिले आहे. पुस्तकाशी सहमत होण्याचे बंधन घेणाऱ्यावर नाही. टिळक पेन्सिल घेऊन बसले ते काही आधीच मान डोलावून बसले नव्हते.

उत्तरेकडील आइसलँड नावाच्या लहान देशात नाताळची भेट म्हणून पुस्तक देण्याची चाल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतर माल दुर्मिळ झाला, पण कागद त्या मानाने मिळत राहिला; म्हणून लोक एकमेकांस पुस्तकेच देऊ लागले. १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी तेथे निघू लागली. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी उघडतात. त्या थंड देशाची ही रीत आमच्या खळ्यांतून आणि ओट्यांवरून जशीच्या तशी चालेल असे नाही. आमच्याकडे त्या रात्री गाणी गात घरोघर फिरावयाचे असते, आणि पहाटेपर्यंत कोणी घरी नसते. पण भेट उघडण्याची वेळ ठरलेली असावी, एवढे त्यांच्यापासून घेण्याजोगे आहे.

आमच्या मंडळीत गेल्या वर्षापासून आम्ही एक प्रयोग करीत आहो. नाताळानंतरच्या रविवारी, उपासना संपल्यावर, ज्या मुलास पुस्तक मिळाले त्याने ते घेऊन यावे आणि ज्यांना वाचता येत नाही अशा आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसास त्यातील एक पान वाचून दाखवावे. भाषण नाही, टाळ्या नाहीत. चर्चच्या ओट्यावर, निंबाखाली, जेथे जागा मिळेल तेथे जोडीजोडीने बसावे. पहिल्या वर्षी अकरा जोड्या बसल्या. दोन मुलांची पुस्तके हरवली होती व एकाच्या पुस्तकाची तीन पाने शेळीने खाल्ली होती. त्याने चौथ्या पानापासून आरंभ केला.

पायरीवर एक मुलगी आपल्या आजोबांस वाचून दाखवीत होती. पान संपले तशी ती पुस्तक मिटून उठू लागली. आजोबांनी तिचा हात धरला. "पुढं काय झालं?" तिला ठाऊक नव्हते. तिने एकदा खेळणाऱ्या मुलांकडे पाहिले, एकदा आजोबांकडे पाहिले, आणि पुन्हा खाली बसून पान उलटले.