कोणाचं शरीर धरून?

दुपारी चारला पुण्या-मुंबईतल्या एखाद्या काचेच्या ऑफिसात डोकावलं, तर बाहेर ऊन तापलेलं असताना आत खुर्च्यांच्या पाठींवर शाली आणि स्वेटर दिसतात. बहुतेक बायकांचे. त्याला नाजूकपणा म्हणून सोडून देणं चुकीचं आहे. आतलं तापमान किती असावं, याचं गणित १९६०च्या दशकात डेन्मार्कचे ओले फांगर यांनी मांडलं. त्यावर बेतलेल्या मानकांत शरीराची उष्णता धरली गेली ती ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाची. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवलं, की बायकांच्या बाबतीत हा अंदाज ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरला जाऊ शकतो.

प्रत्येक इमारत अशी कोणाचं तरी शरीर मनात धरून उभी राहते. इमारत ‘स्मार्ट’ केली म्हणून ते शरीर आपोआप बदलत नाही.

ॲम्स्टरडॅममधली ‘द एज’ ही या जातीची सर्वांत गाजलेली इमारत. सुमारे २८ हजार सेन्सर, अडीच हजारांच्या आसपास कर्मचारी आणि टेबलं मात्र जेमतेम हजार. स्वतःची अशी जागा कोणालाच नाही. फोनवरचं ॲप रोज रिकामं टेबल शोधून देतं, ज्याला जसा हवा तसा उजेड करून देतं. वीज वाचवण्यातलं तिचं यश वादातीत आहे. पण पावलं मोजून वाट पाठ करणाऱ्या अंध माणसाला रोज नवं टेबल म्हणजे रोज नवी इमारत.

लिफ्टचंही तसंच. अनेक नव्या उंच इमारतींत आता मजला बाहेरच्या टचस्क्रीनवर निवडायचा असतो. आत मजल्यांची बटणंच नसतात. जुन्या लिफ्टची उठावदार बटणं बोटांनी चाचपता येत. गुळगुळीत काचेवर बोटांना काहीच लागत नाही. आवाजी सूचना बसवली नसेल, तर काल स्वतःच्या हिमतीवर सातव्या मजल्यावर जाणारा माणूस आज तळमजल्यावर कोणाची तरी वाट पाहत उभा राहतो. इमारतीची बुद्धी वाढली आणि त्याचं स्वातंत्र्य गेलं.

कायदा नाही असं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि त्यातून खासगी आस्थापनाही सुटत नाहीत. तरी नियमावलीतली मानकं शिफारशीवजा राहिली. ती बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगावं लागलं. तोवर दाखल्यापुरते रॅम्प बरेच बांधून झाले होते. एकास बारा या उताराने १५ सेंटिमीटरच्या एका पायरीलाही १.८ मीटर लांबी लागते. तेवढी जागा नकाशातच राखली नाही, तर पुढे बांधली जाते ती घसरगुंडी. तिच्यावर कुंड्या येतात, आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात फरशी पुसायचे मॉप.

याउलट, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत २०१० मध्ये उघडलेल्या ‘एड रॉबर्ट्स कॅम्पस’मध्ये दिव्यांगांच्या संस्थांची कार्यालयं आहेत. पोलिओ झालेल्या, व्हीलचेअरवरून विद्यापीठ गाठणाऱ्या आणि दिव्यांगांच्या हक्कांची चळवळ उभारणाऱ्या माणसाचं नाव या इमारतीला दिलं आहे. दारातून आत येताच समोर लालभडक, गोल वळत वर चढणारा रॅम्प. तो मागच्या दाराला लपवलेला नाही. इमारतीचं मुख्य रूपच तो आहे. चालणारे आणि चाकांवरचे एकाच वाटेने वर जातात.

आपल्याकडे इमारत आखताना डोळ्यांसमोर लॅपटॉपवाले तरुण येतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय हवी, असं २०१७पासून कायदा सांगतो. त्यामुळे निदान तरुण आई हिशेबात आली. पण इमारत झाडणारी, पुसणारी बाई? कुठल्या स्वच्छतागृहाचा किती वापर झाला, हे आता सेन्सर तिच्या मुकादमाला कळवू शकतो. ती दुपारचा डबा मात्र कितीतरी ठिकाणी जिन्याखाली, बादल्यांशेजारी बसून खाते. पंख्याखालचं बाकडं, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पिशवी ठेवायला कुलपाचं कपाट, एवढ्याला शंभर चौरस फूट पुरतात. पुढच्या इमारतीच्या पहिल्या नकाशात ते आखलेले हवेत, सेन्सरची जागा ठरवण्याआधी.