पहिला आत जाणारा

गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंगने २०२२ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या मोबाइल खेळाची मास्टर्स सिरीज ही स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर आणली आणि चौघांच्या संघांची झुंज टीव्हीवर दिसू लागली. अशा खेळात नेम महत्त्वाचा असतोच. पण चकमक जिंकून देते ती मांडणी.

चौघे एकाच भिंतीमागे दाटीने उभे राहिले, तर एक ग्रेनेड सगळ्यांना पुरतो. म्हणून ते विखुरतात, दोन दिशांनी एकाच शत्रूवर नेम धरतात, धुराच्या आडून पुढे सरकतात. घरात एकजण आधी शिरतो. तो अनेकदा पडतो, पण शत्रू कुठे आहे ते सांगून. मागचा साथीदार त्याच क्षणी त्या शत्रूला टिपतो.

मग हा विजय कुणाचा?

असा पहिला आत जाणारा महाभारतातही आहे, अभिमन्यू. दिल्लीच्या उत्तरेला, कुरुक्षेत्राजवळचे अमीन हे गाव परंपरेने त्याच्याशी जोडले जाते. युद्धाच्या तेराव्या दिवशी तो चक्रव्यूह फोडून आत गेला. पाठोपाठ निघालेल्या पांडवांना जयद्रथाने अडवले. शौर्य कमी पडले नाही, पाठबळ तुटले.

गीतेतला निष्काम कर्माचा विचार याच रणभूमीवरचा. खेळातही गुणफलकावर टिपणाऱ्याचे नाव चढते, वाट उघडणाऱ्याचे नाही. तरीही तो आत जातो, कारण फळ संघाचे असते. मात्र त्याच्या निष्कामतेने मागच्यांची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. म्हणूनच सामन्याचे चित्रण पुन्हा पाहताना जाणता संघ किती शत्रू टिपले एवढेच मोजून थांबत नाही. पहिला पडला तेव्हा दुसरा किती अंतरावर होता, हेही तो तपासतो.