हिवाळ्यातले सण आणि शाळेचा वर्ग

शंका : जिल्हा परिषदेच्या शाळेत सण घ्यावेत की नाही?

समाधान : राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सणाची ओळख करून देणे हे धार्मिक शिक्षण नव्हे. आरती म्हणवून घेणे, हात जोडायला लावणे हे मात्र त्याच वाटेवरचे आहे. साखरा (ता. सेनगाव) येथील चौथीच्या मुलांना भोगीच्या भाजीत हरभऱ्याचे घाटे, वांगी, गाजर, बोरे एकत्र का शिजतात हे विचारले, तर तो रब्बीचा धडा होतो. शेत असलेल्या घरचे आणि दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या घरचे मूल त्यात सारख्याच अधिकाराने बोलते.

शंका : १४ जानेवारीला वर्गात संक्रांत घ्यावी की नामविस्तार दिन?

समाधान : दोन्ही. मराठवाड्यात ही तारीख दोन घरांत दोन अर्थांनी उगवते. एका घरी तिळाच्या वड्या थापलेल्या असतात, तर दुसऱ्या घरची माणसे छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अभिवादनाला गेलेली असतात. नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. मधल्या काळात मराठवाड्यात घरे जळली, माणसे मारली गेली. लहान मुलांना त्यातले सगळे सांगण्याची गरज नाही. पण फळ्यावर एकच नाव लिहिले, की दुसरे घर वर्गाबाहेर राहते.

तिळगुळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा पाळणारी बौद्ध घरे आणि बरीच मुसलमान घरे देवापुढे ठेवलेला पदार्थ घेत नाहीत. म्हणून शाळेत वाटायचा लाडू नैवेद्याचा नसावा, आणि तसे आधीच सांगावे. तरीही एखादे मूल लाडू तोंडात न घालता मूठ मिटते आणि हळूच खिशात टाकते. अशा वेळी ‘का रे, खात का नाहीस?’ हा प्रश्न चारचौघांत विचारणे ही त्या मुलाला दिलेली शिक्षाच आहे. त्या मुठीकडे न पाहणे हेच शिक्षकाचे काम.

शंका : माता-पालकांच्या मेळाव्यात हळदीकुंकू ठेवावे का?

समाधान : ठेवू नये. ज्या मुलाचे वडील वारले आहेत त्याची आई त्या दिवशी दाराशीच थबकते, आणि मूल ते पाहते. विधवा प्रथांविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला; त्याच महिन्यात राज्य सरकारने तो कित्ता गिरवण्याचे आवाहन सर्व ग्रामपंचायतींना केले. वाण द्यायचेच तर आलेल्या प्रत्येक बाईला द्यावे.

शंका : वर्गात एकही ख्रिस्ती मूल नसेल तर नाताळ कशासाठी?

समाधान : लाल टोपी आणि कापसाची दाढी यांसाठी खचितच नव्हे, तो खर्च मजुराच्या घराला जड जातो आणि मुलाला सणाचा अर्थही कळत नाही. येशूचा जन्म गरिबीत, गोठ्यात झाला ही कथा गाईगुरांत वाढणाऱ्या मुलाला लगेच समजते. हा धर्म मराठीला परका नाही हेही सांगावे : फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तर रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजने मराठीत लिहिली.

शंका : थंडीत ईद येत नाही, मग मुसलमान मुलांना वाटा कसा मिळावा?

समाधान : ईद थंडीतही येते. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असल्याने ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २००० साली रमजान ईद डिसेंबरात होती. २०३० मध्ये रमजान जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. चौथीचे मूल ही वजाबाकी वहीत करू शकते. तोवर शीरखुर्म्याची गोष्ट सांगायला ईदची वाट पाहण्याचे कारण नाही. रोजा किंवा उपवास धरलेल्या मुलाला पोषण आहाराच्या पंगतीत बसण्याचा आग्रह करू नये, त्याला सावलीत पुस्तक घेऊन बसू द्यावे. त्याने मध्येच पाणी प्यायले तर त्याचीही वर्गात चर्चा होऊ देऊ नये.